गरोदरपण आणि घराची तयारी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



ह्या विषयावर बोलण्यास एखादी डॉक्टरीणबाई उभी राहिली असती तर ते अधिक शोभले असते. आम्ही अवघे मॅट्रिक. सारा जन्म प्राथमिक शाळेत मुलांस पाढे शिकविण्यात गेला. तथापि आमच्या घरी जे घडले ते आपल्यापैकी कोणाच्याही घरी घडू नये, ह्या हेतूने कार्यकारी मंडळाची विनंती आम्ही मान्य केली. भगिनींना ह्यातील बरेचसे ठाऊक असेल. आमचे बोलणे मुख्यतः सासवा, सासरे आणि मागील रांगांत बसलेले तरुण पती ह्यांच्यासाठी आहे.

गोष्ट १९८५ सालची. आमच्या सौभाग्यवती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेल्या होत्या. आठवा महिना चालू होता. प्रथम पाय सुजले, मग हात. जोडवी रुतू लागली, बांगड्या निघेनात. डोके ठणके, डोळ्यांपुढे काजवे चमकत. पहिलटकरीण आहे, असे व्हायचेच, असे वडीलधारी मंडळी म्हणाली आणि कपाळावर सुंठेचा लेप घातला गेला. आम्ही रविवारी भेटून परत आलो. वर्गात रुधिराभिसरणाचा पाठ शिकविणारे आम्ही. परंतु पत्नीचा रक्तदाब गेल्या आठ महिन्यांत कोणी एकदा तरी मोजला आहे काय, हा प्रश्न आमच्या मनात आला नाही. आला असता तरी वडील माणसांपुढे तो विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले असते असे वाटत नाही. बुधवारी रात्री त्यांस झटके आले. बैलगाडीने सडकेपर्यंत आणि तेथून मालमोटारीने तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत उजाडले. त्या वाचल्या. मूल गेले. मुलगा होता.

गरोदरपणी रक्तदाबाचा वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला की सावध व्हावयाचे असते, हे आम्हांस त्यानंतर कळले. हा विकार पुष्कळदा काहीही त्रास न देता वाढत राहतो. सूज आणि डोकेदुखी दिसू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून बरे वाटत असतानाच तपासणीस जावयाचे. पहिली नोंद बारा आठवड्यांच्या आत करावी आणि पुढे निदान तीन तपासण्या तरी चुकवू नयेत. डॉक्टर अधिक वेळा बोलावतील तर अधिक वेळा जावे. प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, लघवी आणि सांगितले असेल तेव्हा रक्त, एवढे तपासले गेले की नाही ते पतीने स्वतः कार्डावर पाहावे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. ही योजना २०१६ पासून चालू आहे. सुनेला तेथे एकटीला धाडणे आम्हांस मुळीच पसंत नाही.

आता आहाराविषयी. पोटभर जेवली तर मूल मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल, असे सांगून गरोदर सुनेचा घास मोजणारी घरे आम्ही पाहिली आहेत. मूल अशक्त निपजले की बाळंतपण सोपे झाले म्हणावयाचे काय? आणि जी दोन जिवांची आहे ती सर्वांच्या मागून, भांड्यात उरेल ते जेवते. ही रीत आधी मोडावी. सुकामेव्याचे लाडू मागाहून वळावेत. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, दूध, चालत असेल तर अंडे, आणि तेही सर्वांबरोबर ताटावर बसून, एवढे झाले तरी पुष्कळ.

रक्तात हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असणे हा गरोदरपणी रक्तक्षयच होय. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या १८० दिवस रोज घ्यावयाच्या असतात. शौचास काळे होते, मळमळते, म्हणून कित्येकजणी त्या गुपचूप टाकून देतात. काळे होण्यात भिण्यासारखे काही नाही. चहाबरोबर घेतल्यास मात्र लोह अंगी लागत नाही, लिंबाबरोबर चांगले लागते. कॅल्शियमची गोळी निराळ्या वेळी घ्यावी. फॉलिक आम्लाची गोळी तर दिवस राहण्यापूर्वीपासूनच सुरू करावी, कारण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू पहिल्या महिन्यातच घडू लागतात. ह्या गोळीची कुळकथा आपल्या मुंबईची आहे. १९२८ साली लूसी विल्स ह्या इंग्रज डॉक्टर बाई येथे आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. तो आहारातील एका द्रव्याच्या उणिवेने होतो आणि यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. तेच द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले.

मिश्रीविषयी बोलू नका, असे आम्हांस एका वडील भगिनींनी सुचविले होते. त्यांची क्षमा मागून सांगतो की मिश्री म्हणजे तंबाखूच. तिच्यामुळे मूल कमी वजनाचे जन्मते, प्रसंगी मृतही जन्मते.

डोहाळेजेवणात आपण झोपाळा सजवितो, हिरवी साडी नेसवितो, फुलांची वाडी भरतो. त्याच दिवशी घरच्या पुरुषांनी अर्धा तास निराळे बसावे. प्रसूती कोणत्या दवाखान्यात, तेथे शस्त्रक्रियेची सोय आहे काय, रात्री वाहन कोणाचे, पैसे कोणाजवळ, सोबत कोण, हे ठरवून कागदावर लिहावे. १०८ आणि १०२ हे क्रमांक लहान मुलांसही पाठ असावेत. सून माहेरी जाते तेव्हा लोणची-पापडांचे डबे आठवणीने जातात, तपासणीची फाईल मात्र सासरच्या कपाटात राहते! नव्या डॉक्टरांस मग काही कळत नाही. फाईल पिशवीत सर्वांत आधी घालावी आणि माहेरी पोहोचताच तेथील दवाखान्यात नाव नोंदवावे.

रक्त जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखी, अंधारी येणे, बेंबीच्या वर कळ, ताप, झटके, ह्यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. सासूबाईंची परवानगी घेण्यासाठीही थांबू नये.

१९८८ साली आमच्या घरी कन्या जन्मली. त्या खेपेस आम्ही स्वतः दर महिन्यास बरोबर गेलो, लोक हसले. त्याच कन्येचे बाळंतपण २०१६ साली झाले, तेव्हा आमचे जावई रक्तदाबाचे आकडे वहीत मांडीत होते आणि कोणी हसले नाही.

शेवटी मंडळास एक विनंती. ह्या स्मरणिकेत दरवर्षी सभासद कुटुंबांची सूची छापली जाते. तीत प्रत्येकाच्या नावापुढे रक्तगटाचा एक रकाना घालावा. प्रसूतीत रक्तस्राव झाला तर मिनिटांचा प्रश्न असतो आणि रक्त देणारा शोधण्यात तास जातात. तक्ता आम्ही आखून आणला आहे, तो बाहेर मेजावर ठेवला आहे. पहिले नाव आमचे आहे. आम्ही आजवर नियमाने रक्त देत आलो. रक्तदानाची वयोमर्यादा ६५ वर्षांची, आम्हांस ६४ चालू आहे. तेव्हा पुढील वर्षी ते नाव खोडावे लागेल. त्याखालच्या ओळी तरुणांनी आजच भरून द्याव्यात.