‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा अर्थ
(उस्मानपुरा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



काविळीच्या रक्ततपासणीत ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द दिसला की घरात घबराट पसरते. परंतु हा शब्द कोणत्या तपासणीपुढे लिहिला आहे, हे पाहिल्याखेरीज त्याला काही अर्थ नाही.

शरीरात विषाणू शिरला की त्याच्याशी लढण्यासाठी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार होतात. ‘आयजीएम’ ही सहसा ताज्या आजाराची खूण, तर ‘आयजीजी’ ही जुन्या आजाराची किंवा लसीची आठवण. हिपॅटायटिस ‘ए’ एकदा होऊन गेला की ही आठवण बहुधा जन्मभर टिकते.

मात्र एका काविळीची प्रतिकारशक्ती दुसरीला चालत नाही. १९५५-५६ साली दिल्लीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली. त्या वेळचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील व अमेरिकेतील संशोधकांनी तपासले. १९८० साली त्यांनी दाखवून दिले की, ती साथ ‘ए’ची नव्हतीच, रुग्णांना ‘ए’ची प्रतिकारशक्ती आधीपासून होती. काश्मीरमधील १९७८ च्या साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही त्याच वर्षी वेगळ्या विषाणूची शक्यता मांडली. तोच पुढे हिपॅटायटिस ‘ई’ म्हणून ओळखला गेला. गरोदर स्त्रियांना तो विशेष घातक ठरतो.

आता हिपॅटायटिस ‘बी’. ‘एचबीएसएजी’ पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू शरीरात आहे. ‘अँटी-एचबीएस’ पॉझिटिव्ह म्हणजे संरक्षण आहे. लसीनंतर हा आकडा १० किंवा अधिक असावा. शब्द एकच, अर्थ उलट! हिपॅटायटिस ‘सी’ची प्रतिपिंडे तर संरक्षणही देत नाहीत, विषाणू अजून आहे का, हे कळण्यासाठी आरएनए तपासणी करावी लागते.

पालकहो, मुलाच्या वा मुलीच्या कागदावर ‘एचबीएसएजी’ पॉझिटिव्ह आले, तर ते लपवू नका, आणि तेवढ्यावरून शिक्षण किंवा लग्न मोडू नका. एका ताटात जेवल्याने किंवा गळाभेटीने हा रोग पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. म्हणून घरातील माणसांची तपासणी करावी, ज्यांना संरक्षण नाही त्यांना लस द्यावी. प्रत्येक नवजात बाळाला पहिला डोस २४ तासांच्या आत मिळाला पाहिजे.

कागद डॉक्टरांकडून समजून घ्या, शेजाऱ्यांकडून नव्हे.