वाटी बदलण्याआधी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषयही देऊन टाकला : गुडघे. आपण सगळ्यांनी साठी ओलांडली आहे. मघाशी चहाच्या वेळी मला नातवंडांच्या फोटोंपेक्षा गुडघ्यांचे एक्स-रेच जास्त दाखवले गेले. प्रश्न सगळ्यांचा एकच, "वाटी बदलायची वेळ आली का रे?"

मुळात या शस्त्रक्रियेत वाटी काढून दुसरी बसवत नाहीत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूचे भाग बसवतात, मधे प्लास्टिकचा थर असतो. ऑपरेशन चांगलं आहे, मी स्वतः ते करतो. पण तासलेलं हाड परत येत नाही, म्हणून ते घाईनं करू नये. नुसत्या एक्स-रेवरून तर नाहीच. फोटोत भरपूर झीज असून मजेत चालणारी माणसं मी पाहतो, आणि थोड्या झिजेनं हैराण झालेलीही.

२०१५ साली डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सांधा बदलण्यास योग्य ठरलेल्या १०० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन झालं आणि नंतर व्यायामही. दुसऱ्याला बारा आठवडे फक्त व्यायाम, आहाराचा सल्ला, बुटातले इनसोल आणि गरजेपुरती औषधं. वर्षभरात दुसऱ्या गटातल्या ५० पैकी १३ जणांनीच ऑपरेशन करून घेतलं. ऑपरेशनवाल्यांना आराम जास्त पडला, हे खरं. पण गंभीर त्रासही त्यांच्यातच जास्त झाले.

आपल्याकडे काय होतं? दुखतं म्हणून चालणं बंद, त्यामुळे मांडीचे स्नायू अशक्त, आणि गुडघ्याचा आधार गेल्यानं दुखणं आणखी वाढतं. हे चक्र व्यायामानं तुटतं. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, खाली घ्या. असं दहा वेळा. मग हात न टेकता खुर्चीतून उठा आणि हळू बसा. शाळेत शिक्षा म्हणून काढलेल्या उठाबशा आता औषध म्हणून काढायच्या! सुरुवातीला थोडं दुखेल. दुसऱ्या दिवसापर्यंत ते शमलं तर चालू ठेवा, नाही तर प्रमाण कमी करा. शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या.

दुसरं, वजन. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तिसरं, उकिडवं बसणं आणि मांडी घालणं टाळा, कमोड वापरा. काठी घ्यायला लाजू नका. उजवा गुडघा दुखत असेल तर ती डाव्या हातात धरा.

औषधांत आधी मलम. वेदनाशामक गोळ्या मनानं महिनोन्‌महिने घेऊ नका. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिन्हींना त्या महाग पडतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा आराम काही आठवड्यांचा. 'वंगणाच्या' इंजेक्शनांवर मोठा खर्च करण्याआधी दोनदा विचार करा.

गुडघा अचानक सुजून लाल झाला, ताप आला किंवा सांधा अडकून बसला, तर मात्र व्यायाम करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

आणि तीन महिने मनापासून हे सगळं करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणं मुश्किल होत असेल, तर ऑपरेशनला घाबरू नका. वर्षानुवर्षं अंथरुण धरून बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं. केलेला व्यायामही वाया जात नाही. बळकट मांडीचा माणूस ऑपरेशननंतर लवकर उभा राहतो.

आता जेवणाआधी सगळ्यांनी खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायचं आहे. सर, बाई, तुम्ही मोजा. आम्हाला सवय आहे!