जोखीम दरपत्रकातच असते



मनुष्यबळ पुरवण्याच्या आपल्या धंद्यात कायद्याचा विषय निघाला की पहिली धाव करारातल्या नुकसानभरपाईच्या कलमाकडे जाते. ते कलम पक्के, म्हणजे आपण सुटलो, हा समज मला मान्य नाही. आपली जबाबदारी नोटीस येते तेव्हा उभी राहत नाही, ती आपण दर भरतो त्याच दिवशी अंगावर येते. हिशेब मांडून पाहा. शंभर रुपये मजुरीवर भविष्यनिर्वाह निधीचे, विमा व प्रशासन खर्चासह, मालकाचे 13 रुपये, ईएसआयचे 3.25, किमान बोनसचे 8.33 आणि ग्रॅच्युइटीच्या तरतुदीचे 4.81. भरपगारी रजा न धरताच आपण 29 रुपयांच्या पुढे गेलो. गणवेश आणि बदली माणूस तर अजून हिशेबात आलेलाच नाही. मग वीस-बावीस टक्क्यांत, सर्व्हिस चार्जसकट, दर बसवणारा एजन्सीवाला उरलेले पैसे आणतो कुठून? कामगाराच्या बोनसातून, नाहीतर न भरलेल्या चलनातून. मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवण्याची जुनी पळवाटही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी अरुंद केली. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापुढे गेले, की वरचा भाग वेतनातच धरला जातो. ‘ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे टिकतो कोण’ हा दिलासाही मुदतबंद नेमणुकांपुरता संपला, कारण तिथे आता एक वर्ष पुरते.

क्लायंट तीन-तीन महिने बिल अडकवतो, चलन भरायचे कशातून, असे आपण विचारतो. गाऱ्हाणे रास्त आहे, पण ते कायद्यापुढे टिकत नाही. निधीचे चलन 15 तारखेच्या आत भरायचे. उशीर झाला की 12 टक्के व्याज आणि वर दंडवजा भरपाई. ही भरपाई लावण्यासाठी मालकाचा हेतू वाईट होता हे सिद्ध करावे लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये कूर्गच्या हॉर्टिकल्चर एक्स्पेरिमेंट स्टेशनच्या खटल्यात स्पष्ट केले. पगारातून कापलेला कामगाराचा हिस्सा भरला नाही, तर प्रकरण थेट फौजदारीत जाते.

दुसरा आधार मुख्य मालकाचा. पगार थकला तर तो त्यानेच द्यायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. पण दिलेली रक्कम ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्कही त्याच तरतुदीत आहे. कायद्याने मुख्य मालकाला जामीन केले, आपल्याला कर्जमुक्त केलेले नाही. 2001 च्या स्टील अथॉरिटी निकालाने कंत्राटी कामगार आपोआप मुख्य मालकाचे होत नाहीत असे ठरवले, तेव्हा आपल्या धंद्याने सुस्कारा सोडला. मात्र त्याच निकालात एक खोच आहे: कंत्राट हा नुसता बुरखा असेल, तर ती माणसे मुख्य मालकाचीच. आता पडेल दराचा दुसरा परिणाम पाहा. ज्याला स्वतःचा सुपरवायझर परवडत नाही, तो मस्टर, रजा, पाळी सगळे क्लायंटच्या फोरमनवर सोडतो. कामाच्या जागी ज्याचा अंमल त्याचा कामगार, हा युक्तिवाद मग आपणच कामगारांच्या वकिलाच्या हाती देतो. बुरख्याचा पुरावा असा स्वस्त दरातून तयार होतो.

आपण नाही घेतले तर शेजारचा घेईल, हा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. शेजाऱ्यालाही पुढे नोटीस येईल हे खरे, पण तोवर आपले काम गेलेले असते. म्हणून एकट्याच्या सचोटीवर हा प्रश्न सुटणार नाही. आपण एकत्र बसून दर ठरवणे हाही उपाय नव्हे. 2002 च्या स्पर्धा कायद्याखाली ते निराळेच संकट ओढवून घेणे होईल. उपाय निविदेच्या मांडणीत आहे. मजुरी आणि वैधानिक देणी क्लायंटने आधीच निश्चित करून छापावीत, त्यांवर बोली नसावी, स्पर्धा फक्त सर्व्हिस चार्जवर व्हावी. राज्य सरकारने, महापालिकांनी आणि महामंडळांनी आपल्या प्रत्येक निविदेत ही रचना सक्तीची करावी, असा ठराव या अधिवेशनाने आजच मंजूर करावा, आणि ही सक्ती होईपर्यंत 29 रुपयांच्या खालच्या दरपत्रकावर आपल्यापैकी प्रत्येकाने सही करण्याआधी हा हिशेब पुन्हा एकदा मांडावा, ही माझी विनंती.