कोणत्या म्हात्रे?

(रेडिओवरील भाषण)



गेल्या पावसाळ्यात दर शनिवारी दुपारी मी आमच्या नवी मुंबईतल्या एका गावठाणात जात होते. तिथल्या महिला बचत गटाला आपल्या वह्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या होत्या. गटात १६ जणी. वह्या पाच: सभासदांची, बचतीची, कर्जाची, हजेरीची आणि सभेच्या इतिवृत्ताची. कुणी मासळी विकून, कुणी शाळेची खिचडी शिजवून, घरचं आवरून चार वाजता समाजमंदिरात जमायच्या. पहिल्या दिवशी मी कर्जवही उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "म्हात्रे बाई, ५,००० रुपये." मग विचारलं, "कोणत्या म्हात्रे?"

चार हात वर झाले.

त्या खोलीत कुणालाच यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. वही लिहिणाऱ्या बाईंना ठाऊक होतं कोणत्या म्हात्रे ते. पण उद्या ती वही दुसरीच्या हातात गेली तर? कॉम्प्युटर म्हणजे अशी दुसरीच बाई समजा, गावात कालच आलेली, कुणालाही न ओळखणारी. तिला सगळं लिहूनच सांगावं लागतं. डेटाबेस म्हणजे काय, हे आज मला त्या चार हातांपासूनच सांगायचं आहे.

आगरी-कोळी गावांत आडनावं मोजकी. म्हात्रे, पाटील, ठाकूर, भोईर, घरत. त्यातून आमच्या गटात दोन जावा एकाच पहिल्या नावाच्या निघाल्या. एकीच्या पासबुकावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. तेव्हा नावावरून माणूस ओळखायचा नाही, हे पहिल्याच शनिवारी ठरलं. प्रत्येकीला सभासद क्रमांक दिला, १ ते १६. डेटाबेसवाले याला प्रायमरी की म्हणतात. नियम दोनच: एक क्रमांक एकीचाच, आणि तो कधी बदलायचा नाही. एकीनं सुचवलं, "मोबाइल नंबरच घेऊ की." सूचना हुशारीची होती. पण मोबाइल नंबर बदलतो, आणि सासू-सुनेत मिळून एकच फोन असतो. ज्या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही, तोच ओळखीला सगळ्यात टिकाऊ ठरतो.

याचं उत्तम उदाहरण उरणच्या रस्त्यावर रोज दिसतं. न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं, तेव्हापासून कंटेनर लादलेले ट्रेलर आपल्या रस्त्यांवरून जात आहेत. पुढच्या वेळी ट्रॅफिकमध्ये अडकलात की कंटेनरच्या दारावरचा क्रमांक वाचा. चार इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. जगात त्या क्रमांकाचा दुसरा कंटेनर नसतो. त्यातला शेवटचा आकडा तर राखणदार आहे. आधीच्या दहाही चिन्हांना ठरलेली किंमत द्यायची, प्रत्येकाला त्याच्या जागेप्रमाणे गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं, बाकी उरेल ती शेवटी लिहायची. बाकी १० उरली तर शून्य. लिहिताना एखादा आकडा चुकला तर हिशेब जुळत नाही आणि कॉम्प्युटर तिथंच अडवतो. आपल्या आधार क्रमांकाचा बारावा आकडाही असाच पडताळणीचा असतो.

आता पाच वह्यांकडे येऊ. सभासदांच्या वहीत प्रत्येकीचा फोन नंबर होता. तोच पुन्हा कर्जवहीत होता आणि हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावरही. एका सभासदानं नंबर बदलला, तो एकाच वहीत दुरुस्त झाला. कर्जाच्या हप्त्याची आठवण तिला जुन्याच नंबरवर जात राहिली, आणि हप्ता बुडवला म्हणून तिला सभेत ऐकून घ्यावं लागलं. चूक तिची नव्हती. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिण्याची ती चूक होती. म्हणून दुसऱ्या शनिवारी आम्ही ब्राऊन पेपरवर चार तक्ते आखले. पहिला सभासदांचा: क्रमांक, नाव, फोन. दुसरा बचतीचा: तारीख, सभासद क्रमांक, रक्कम. तिसरा कर्जाचा, तसाच. चौथा हजेरीचा. फोन फक्त पहिल्या तक्त्यात. कर्जाच्या तक्त्यात "७" लिहिलं की पहिल्या तक्त्यातली सातवी बाई समजायची. अशा तक्त्याला टेबल म्हणतात. एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवतो. सगळी विद्या या बोट दाखवण्यात आहे.

तेव्हा मागे बसलेल्या एक वयस्क मावशी म्हणाल्या, "हे तर सातबाऱ्यासारखं झालं."

खरं सांगते, इतकी वर्षं मी डेटाबेस शिकवते आहे, पण हे मला सुचलं नव्हतं.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दोन तक्ते एका कागदावर. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये तिच्यात पीक काय. जमिनीची ओळख तिच्या गट क्रमांकानं होते, "आंब्याच्या झाडाजवळची" असं म्हणून नाही. मालकाच्या नावाजवळ खाते क्रमांक. तो घेऊन गाव नमुना आठ-अ उघडला की त्या माणसाच्या गावातल्या सगळ्या जमिनी एकत्र दिसतात. नाव कसं लागलं, खरेदीनं की वारसानं, हे पाहायचं तर सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो. तो घेऊन नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही उघडायची. असे २१ गाव नमुने आहेत. कॉम्प्युटर येण्याआधीच तलाठ्याच्या दप्तरात एकमेकांकडे बोट दाखवणारी टेबलं बांधून ठेवलेली होती.

मावशींना हे का सुचलं, तेही सांगायला हवं. या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना पुढे साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांइतके, भूखंड मिळायचे होते, आणि त्यासाठी जुने उतारे, वारसांच्या नोंदी शोधत घरोघरची माणसं फिरली. या गावांतल्या बायकांना उताऱ्यावरच्या एका ओळीची किंमत कुणी समजावून सांगायला नको. आजोबांच्या वारसांत मुलग्यांची नावं लागली आणि मुलीचं राहून गेलं, की पुढे तिच्या मुलांनी काय म्हणून उभं राहायचं? टेबलात ओळ नाही, तर दारात उभी असलेली बाईसुद्धा त्या कागदाला दिसत नाही. डेटाबेस शिकवताना मला हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगावीशी वाटते आणि नेमकी हीच पुस्तकांत मागे पडते.

योगायोग पाहा. सिडको स्थापन झाली त्याच वर्षी, जून १९७० मध्ये, अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे इथल्या एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाचा ११ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. कॉड मूळचे इंग्लंडचे, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. त्यांच्या आधी कॉम्प्युटरमधली माहिती काढायची तर ती कुठल्या वाटेनं, कुठल्या फांदीवर ठेवली आहे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावं लागे. मांडणी बदलली की प्रोग्रॅम मोडायचे. कॉड म्हणाले, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, आणि वापरणाऱ्यानं काय हवं तेवढंच सांगावं; कसं शोधायचं ते यंत्र बघेल. पुढे १९७४ मध्ये त्यांच्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी असं विचारण्याची एक भाषा मांडली. तिचंच आजचं नाव एसक्यूएल. कॉड यांना १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्या भाषेत प्रश्न कसा विचारतात? सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर. काय हवं, कुठल्या टेबलातून, कोणत्या अटीवर. याच धर्तीवर आमच्या गटानं पहिला प्रश्न तयार केला तो असा: ज्यांचा हप्ता थकला आहे आणि ज्या गेल्या तीन सभांना आल्या नाहीत, त्यांची नावं दाखव. दोन वह्या समोरासमोर धरून हे काढायला संध्याकाळ गेली असती. पडद्यावर एकच नाव आलं. ती बाई आजारी होती. दुसऱ्या दिवशी दोघीजणी तिच्या घरी जाऊन आल्या.

सातबाऱ्यानं आम्हाला आणखी एक अवघड गोष्ट सोपी करून दिली. जमीन विकली की फेरफाराची नोंद होते, पण ती लगेच पक्की होत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि तेव्हाच सातबारा बदलतो. बदलताना दोन गोष्टी होतात: जुनं नाव जातं आणि नवं येतं. त्यातली एकच झाली तर? जमिनीला मालक नाही, किंवा मालक दोन. म्हणून दोन्ही व्हायला हव्यात, नाहीतर एकही नाही. डेटाबेसमध्ये याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. तुम्ही मोबाइलवरून भाजीवाल्याला ४० रुपये पाठवता तेव्हा तुमच्या खात्यातून ते कमी होणं आणि त्याच्या खात्यात जमा होणं हे असंच बांधलेलं असतं. मध्येच काही बिघडलं तर अर्धवट झालेलं काम मागे फिरवलं जातं.

जन्मतारखांच्या वेळी मात्र आम्ही अडखळलो. १६ जणींपैकी सहा जणींची जन्मतारीख १ जून. मराठी श्रोत्यांना याचं कारण सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी घातलेली ती तारीख. दोघी शाळेतच गेल्या नव्हत्या. त्यांना वर्षही नक्की सांगता येईना. आमच्यातली एक चटकन म्हणाली, "टाका काहीतरी." मी नाही म्हटलं. डेटाबेसमध्ये रिकामी चौकट ठेवता येते, तिला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. बचतीच्या चौकटीत शून्य असेल तर तिनं या महिन्यात पैसे दिले नाहीत. चौकट रिकामी असेल तर दिले की नाही ते आपल्याला अजून ठाऊक नाही. या दोन्हींत एखाद्या बाईच्या अब्रूचा फरक आहे. माहीत नसेल तर रिकामं ठेवावं. खोटी तारीख एकदा आत गेली की पुढे पेन्शनपर्यंत ती खरी म्हणून फिरते.

नव्यानं शिकणारे मला हमखास विचारतात, एवढं कशाला, एक्सेल पुरत नाही का? १६ जणींच्या गटाला पुरतं, आणि मी त्यांना एक्सेलच शिकवलं. चार पानं, चार तक्ते. पण एकाच वेळी अनेक हात लिहू लागले, ओळी लाखांत गेल्या, की खऱ्या डेटाबेसची गरज पडते. आणि तो काही दूरची वस्तू नाही. एसक्यूलाइट नावाचा छोटासा, फुकट मिळणारा डेटाबेस तुमच्या स्मार्टफोनमध्ये आत्ता चालू आहे. फोनमधल्या नाव-नंबरांची यादी सहसा त्यातच असते.

लाखो ओळींतून एक ओळ क्षणात कशी सापडते, तेही थोडक्यात सांगते. मतदार यादी घरांच्या क्रमानं लावलेली असते. पण मतदानाच्या दिवशी बाहेर टेबल टाकून बसलेल्या कार्यकर्त्यांकडे नावांच्या अक्षरांप्रमाणे लावलेली दुसरी यादी असते. त्यात नाव बघायचं, समोरचा भाग आणि अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा. या दुसऱ्या यादीला इंडेक्स म्हणतात. शोध झटपट होतो, पण नवा मतदार आला की दोन्ही याद्या बदलाव्या लागतात. म्हणून हव्या तितक्या याद्या करत सुटायचं नसतं.

आणि हे सगळं असतं कुठे? ठाणे-बेलापूर रस्त्यानं जाताना ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती दिसतात, शेजारी जनरेटरच्या रांगा. ती डेटा सेंटर. जिथं कधी रासायनिक कारखाने गजबजलेले असत, त्याच औद्योगिक पट्ट्यात आज हजारो यंत्रं रात्रंदिवस थंड ठेवलेली आहेत. लोक म्हणतात माहिती क्लाउडमध्ये, ढगात असते. आपल्याकडे ती महाप्यात जमिनीवर असते, या भागातल्या जुन्या गावांच्याच जमिनीवर.

शेवटच्या शनिवारी सभासद क्रमांक ११ चा विषय निघाला. त्या बाई मधल्या काळात वारल्या होत्या. त्यांच्या कर्जाचे दोन हप्ते बाकी होते, पण बारा वर्षांची बचतही जमा होती, आणि मुलीला ती द्यायची होती. कॉम्प्युटरवर बसलेल्या तरुण सभासदानं विचारलं, "मॅडम, ही ओळ काढून टाकू?" मी सांगायला लागणार, की ओळ पुसली तर त्यांच्या बचतीच्या सगळ्या नोंदी नुसत्या अकरा या आकड्याकडे बोट दाखवत राहतील आणि तिथं कुणीच नसेल. तेवढ्यात मावशीच उठून कॉम्प्युटरपाशी आल्या. सातबाऱ्यावर गेलेल्या माणसाचं नाव खोडत नाहीत, कंसात ठेवतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

"पुसायचं नाय," त्या म्हणाल्या. "कंस कर. आणि शेजारी तिच्या पोरीचं नाव लाव."

आम्ही टेबलात "स्थिती" नावाचा एक रकाना वाढवला.