'ब्लॅकमेल' : न दिलेला कबुलीजबाब



ज्याच्यावर कधी खटलाच उभा राहिला नाही, तो मनुष्य निर्दोष सुटला असे म्हणता येईल का? बोलपट बाल्यावस्थेत असताना, १९२९ साली, इंग्रज दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी 'ब्लॅकमेल' या चित्रपटात हा प्रश्न हाताळला. चार्ल्स बेनेट यांच्या नाटकावर आधारलेली ही कलाकृती मूकपट म्हणून सुरू झाली आणि निर्मिती चालू असतानाच तिला ध्वनीची जोड मिळाली.

कथा लंडनची आहे. ॲलिस व्हाइट ही वृत्तपत्रे व तंबाखू विकणाऱ्या दुकानदाराची कन्या; फ्रँक हा स्कॉटलंड यार्डमधील गुप्त पोलीस तिचा प्रियकर. त्याच्याशी खटका उडाल्यावर ती एका चित्रकाराच्या घरी जाते. तो बळजबरी करू लागतो, तेव्हा हाती आलेल्या पाव कापण्याच्या सुरीने ती त्याचा जीव घेते. ते आत्मसंरक्षण होते, हे प्रेक्षकांना ठाऊक असते. ॲलिस मात्र कोणाजवळही काही बोलत नाही आणि रात्रभर रस्त्यांवरून भटकत राहते.

सकाळी न्याहारीच्या वेळी एक शेजारीण त्या खुनाविषयी अखंड बडबडत असते. तिचे बोलणे हळूहळू पुसट होत जाते आणि 'सुरी' हा एकच शब्द कानांवर आदळत राहतो. इतक्यात वडील पाव कापावयास सांगतात. ॲलिसच्या हातून सुरी उडून पडते. खोलीतील इतरांना नेहमीचेच संभाषण ऐकू येते. अपराधी मनाला ऐकू येणारे निराळे. नवख्या ध्वनितंत्राचा इतका अर्थपूर्ण उपयोग त्या काळी क्वचितच झाला असेल. (नायिका ॲनी ओंड्रा यांचे उच्चार परदेशी असल्याने त्या केवळ ओठ हलवीत आणि जोन बॅरी या अभिनेत्री कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरून संवाद म्हणत.)

घटनास्थळी सापडलेला ॲलिसचा हातमोजा फ्रँक लपवितो. दुसरा हातमोजा ट्रेसी नावाच्या भुरट्याला मिळतो आणि तो दोघांना धमकावू लागतो. पुढे पोलिसांचा संशय ट्रेसीवरच येतो. पाठलागात तो ब्रिटिश म्युझियमच्या घुमटाच्या काचा फुटून खाली कोसळतो व मरण पावतो. खंडणीखोर खराच, पण हा खून त्याने केलेला नव्हता. फ्रँकला हे ठाऊक असूनही तो गप्प राहतो. हे मौन ॲलिसच्या मौनाहून अधिक गंभीर आहे.

ॲलिस अखेर कबुली देण्यासाठी अधिकाऱ्यासमोर उभी राहते. ती बोलणार, तोच दूरध्वनी खणखणतो आणि अधिकारी तिला फ्रँकच्याच हवाली करतो! नायिकेला अटक व्हावी, असा शेवट हिचकॉक यांच्या मनात होता; निर्मात्यांना तो रुचला नाही. तरीही पडद्यावर आलेला शेवट अटकेपेक्षा कठोर वाटतो. ॲलिस बाहेर पडत असताना, त्या चित्रकाराच्या घरातील बोट रोखून हसणाऱ्या विदूषकाचे चित्र तिच्यासमोरून आत नेले जाते.