बिरसी ते काशी, व्हाया अमृतसर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगण्यात आलं आहे की पंधरा मिनिटांच्या वर बोलायचं नाही, कारण मागे मसालेभात निवतो आहे. मी बँकेतला माणूस. वेळेवर काउंटर बंद करायची सवय आहे. तेव्हा काळजी नसावी.

विषय दिला आहे, उन्हाळी सहल. मे २०२४ मध्ये आपल्या सोसायटीतले आम्ही चौदा जण उत्तर भारतात जाऊन आलो. सरासरी वय अडुसष्ट. चौदा माणसांत गुडघे अठ्ठावीस, पण चालणारे मोजून अकरा. आपल्या बिरसीत विमानतळ आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. वैमानिक घडवणारी संस्था आहे, हैदराबादचं विमानही सुरू झालं. दिवसभर शिकाऊ पोरं आपल्या डोक्यावरून घिरट्या घालतात. इतकं सगळं दाराशी असताना आम्ही मात्र ऑटोनं गोंदियाला गेलो आणि छत्तीसगड एक्सप्रेसमध्ये बसलो. कारण सोपं आहे. विमानात खालची बर्थ मिळत नाही, आणि दशम्यांचा डबा उघडून शेजाऱ्याला "घ्या जी" म्हणता येत नाही.

उत्तरेकडे जाणारे आपण काही पहिले नाही. आमगावजवळच्या पद्मपूरचा म्हणून आपण ज्याला मानतो तो भवभूती आठव्या शतकात कनौजच्या यशोवर्म्याच्या दरबारी होता. म्हणजे नोकरीसाठी बाहेर जाण्याची आपल्या जिल्ह्याची परंपरा बाराशे वर्षांची आहे. आपली पोरं पुण्या-हैदराबादेत आहेत याचं उगाच वाईट वाटून घेऊ नये. भवभूतीची आईसुद्धा हेच म्हणत असेल, "फोन तरी करत जा रे!"

प्रवासाचा खजिनदार मी. जाण्यापूर्वी सभा झाली. तिकडचे लोक लुटतात, भाव सांगतात एक आणि घेतात दुसरा, असं सगळ्यांचं एकमत झालं. सोसायटीत पंचवीस वर्षांत एकमत झालेला हा पहिला विषय. मग मी रीतसर अंदाजपत्रकात एक शीर्ष उघडलं : "संभाव्य फसवणूक, तरतूद रुपये दोन हजार." बँकेत बुडीत कर्जासाठी करतात तशी. या तरतुदीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

गाडीत पहिली गंमत झाली ती बर्थची. चौदा नंबर आणि पंधरा नंबर यांच्या मधल्या नालीचा विषय आपल्याला माहीत आहे. नऊ वर्षं तो वार्षिक सभेच्या कार्यवृत्तात आहे आणि नऊही वर्षं पुढे "विषय पुढील सभेत घ्यावा" असं लिहिलेलं आहे. दोन्ही घरचे एकमेकांशी बोलत नाहीत. रेल्वेच्या संगणकाला कार्यवृत्त कोण दाखवणार? त्यानं पंधरा नंबरच्या गुरुजींना खालची बर्थ दिली आणि चौदा नंबरच्या भाऊंना बरोबर त्यांच्या डोक्यावरची. रात्री वरून आवाज आला, "त्यांना म्हणा, दिवा बंद करा." खालून उत्तर आलं, "त्यांना म्हणा, बटन त्यांच्याच बाजूला आहे." मध्ये मी. चाळीस वर्षं नोकरी केली, पण इतकं क्लिअरिंग एका रात्रीत कधी केलं नव्हतं.

दुसरी गंमत भाषेची. आपण गोंदियाकर म्हणजे हिंदीचे माहेरवासी, असा आपला समज. बाजारात हिंदी, राइस मिलवर हिंदी, अर्ध्या लग्नपत्रिका हिंदीत. पण आपली हिंदी नागपूरच्या पुढे गेली की तिला ताप भरतो. गुरुजींनी शेजारच्या प्रवाशाला अभिमानानं सांगितलं, "हमने पैंतीस साल बच्चों को शिक्षा दी." तो म्हणाला, "बहुत अच्छा किया." मराठी कानानं ऐकणारी आमची बायको हळूच म्हणाली, "एवढी शिक्षा दिली आणि हा बरं केलं म्हणतो!" हरियाणात एका पोरानं वहिनींना "ताई" म्हणून हाक मारली. वहिनी खूश. दोन तासांनी कळलं की तिकडे ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वहिनी त्यानंतर दिवसभर डोक्यावरचा पदर सारखा करत केस झाकत होत्या.

अमृतसरला पोचलो तर तिथलं मतदान अजून व्हायचं होतं, १ जूनला. आपलं १९ एप्रिललाच उरकलेलं. एका दुकानदारानं माझ्या नखावरची शाई पाहिली आणि विचारलं, "बाऊजी, आप पहले ही डाल आए?" मी म्हटलं, आमच्याकडे सगळं वेळेआधी होतं, फक्त नाली सोडून.

सुवर्णमंदिरातल्या लंगरमध्ये आम्ही जेवलो. पंगत अशी की जिल्हाधिकारी आणि हमाल शेजारी बसले तरी वाढणाऱ्याला फरक पडत नाही. पोळी दोन्ही हातांत घ्यायची, ओंजळीत. आमच्यातल्या एका काकांना सवयीनं वाटलं की पंगतीत आग्रह होईल. झाला, पण न थांबणारा. शेवटी ताटावर आडवे हात धरून बसले. आणि एक सांगतो, तिथं आपण पाहुणे नव्हतो. आपल्या संत नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. पंजाबातलं घुमान त्यांचं. २०१५ चं मराठी साहित्य संमेलनही तिथं भरलं होतं. सातशे वर्षांपूर्वी, ना रिझर्वेशन ना एटीएम, हा माणूस पंढरपुराहून चालत तिथं गेला आणि तिथल्या लोकांना आपला वाटला. आम्ही चौदा जण एसी डब्यातून गेलो आणि पहिला प्रश्न विचारला, "इथे वरण-भात कुठे मिळेल?"

तिथून काल्का आणि काल्क्याहून सिमला. छोटी गाडी. १९०३ साली सुरू झालेली, शहाण्णव किलोमीटरची, शंभरावर बोगदे आणि २००८ पासून जागतिक वारसा. सगळे फोटो काढतात. चौदा नंबरच्या भाऊंनी खाली वाकून रुळांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाप्पा! ही तं आपली छोटी लाइन!" खरंच आहे. रुळांची रुंदी अडीच फूट. आपली गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर गाडी नेमकी याच मापाची होती. आपण तिला नावं ठेवत होतो. चढावर उतरून चालत पुढं जाता येतं म्हणायचो, खिडकीत कोळशाचे कण डोळ्यांत जातात म्हणायचो. ती गेली, ब्रॉडगेज आली, सोय झाली. आता त्याच मापाच्या गाडीत बसायला दीड हजार किलोमीटर जाऊन तिकीट काढतो आणि वरून "वा!" म्हणतो. म्हणून म्हणतो, घरातलं जुनं काही भंगारात काढण्यापूर्वी एकदा दुरून जाऊन बघून यावं.

आता ऊन. उत्तरेतले लोक आम्हाला उन्हाची भीती घालत होते. अहो, आम्ही विदर्भातले! खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, पोटात पन्हं. २९ मे रोजी आम्ही पानिपतात होतो. त्या दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूरला ५२.९ अंश नोंदले गेले. हॉटेलातला पोरगा टीव्ही दाखवून म्हणतो, "देखिए, रेकॉर्ड!" आमची मान खाली. पण दुसऱ्याच दिवशी बातमी आली, नागपूरच्या एका यंत्रानं ५६ दाखवले! आम्ही त्या पोराला मुद्दाम बोलावून टीव्ही दाखवला. पुढे हवामान खात्यानं सांगितलं की दोन्ही यंत्रं बिघडलेली होती. तरी माझं म्हणणं असं की बिघडलेल्या यंत्रांतसुद्धा विदर्भच पुढे निघाला.

पानिपतात मात्र हसणं थांबलं. आपण "पानिपत झालं" हा शब्द किती सहज वापरतो! पोरगा गणितात नापास झाला, पानिपत. सोसायटीची मोटर जळली, पानिपत. काला अंब नावाच्या त्या जागी उभं राहिल्यावर कोणाला तो शब्द उच्चारवेना. १४ जानेवारी १७६१. तिकडच्या थंडीत उपाशी पोटी लढलेली माणसं. तिथून जवळपासच्या गावांतले रोड समाजाचे कितीतरी लोक स्वतःला तिथं मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. चहाच्या टपरीवरचा एक म्हातारा आमची बोली ऐकून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "थम तो म्हारे ए हो." चहाचे पैसे घेतले नाहीत. तरतुदीतून खर्च शून्य.

हरिद्वारला पंड्यांच्या वह्या पाहिल्या. लांबलचक, लाल कापडात गुंडाळलेल्या. गाव सांगा, कूळ सांगा, आजोबा कधी आले होते ते काढून देतात. ना सर्व्हर डाउन, ना पासवर्ड. मी आयुष्यभर लेजरं सांभाळली, ती वही पाहून मला नोकरीत पुन्हा रुजू व्हावंसं वाटलं.

आणि मग काशी. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभं केलेलं विश्वनाथाचं मंदिर, नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिवरायांच्या राज्याभिषेकाला आलेल्या गागाभट्टांचं गाव. म्हणजे अर्धं माहेरच. जूनची सुरुवात, दुपारचे साडेबारा. भोसले घाटाच्या पायऱ्या चढताना गुरुजी मध्येच खाली बसले. वय शहात्तर. घाम थांबलेला, बोलणं अडखळायला लागलं. आम्ही बाकीचे तेरा जण एकमेकांकडे बघतोय. कोणाला सुचेना.

पहिला धावला तो एक नाववाला. ओळख ना पाळख. आपला गमछा गंगेत बुडवून त्यानं गुरुजींच्या डोक्यावर ठेवला, सावलीत नेलं. आणि दुसरे धावले ते चौदा नंबरचे भाऊ. नाववाल्यानं एका बाजूनं, भाऊंनी दुसऱ्या बाजूनं धरून गुरुजींना गल्लीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कौन-सी दवा चल रही है?" गुरुजींचा फोन कुलूपबंद. त्यांच्या घरच्या वहिनी गुडघ्यांमुळे सहलीला आल्या नव्हत्या, आणि आमच्यापैकी एकाच्याही फोनमध्ये त्यांचा नंबर नव्हता. पंचवीस वर्षांचे शेजारी आम्ही!

तेव्हा भाऊ बोलले. "शुगर आहे. बीपी पण आहे. सकाळी जेवणाआधी एक पांढरी गोळी, रात्री दोन." आम्ही थक्क. मी विचारलं, "तुम्हाला काय माहीत जी?" ते म्हणाले, "नऊ वर्षं झाली, रोज सकाळी वहिनी भिंतीपलीकडून ओरडतात, पांढरी घेतली का, पांढरी घेतली का. आम्ही बोलत नाही, पण ऐकू तं येते ना!"

सलाईन लागलं. रात्रभर भाऊ तिथं स्टुलावर बसून होते. पहाटे गुरुजींनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले, नऊ वर्षांनंतरचं, मध्यस्थाशिवाय : "नाली तुमच्याच बाजूनं काढावी लागेल." भाऊ म्हणाले, "आधी पांढरी घ्या."

नाववाल्याला मी पैसे द्यायला गेलो. म्हणाला, "बाबूजी, रोज तो सवारी से लेते ही हैं." घेतले नाहीत. तेव्हा तरतुदीचा हिशेब असा : दोन हजारांपैकी खर्च तीनशे चाळीस, तोही एका रुद्राक्षाच्या माळेवर, जी भिजवल्यावर रंग सोडायला लागली. शिल्लक एक हजार सहाशे साठ. नफ्यात घेतली.

विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि लुटले जाऊन परतले, पण गंगेची कावड आई-वडिलांसाठी घरी आणली. आम्ही जबलपूरवरून नैनपूर-बालाघाट मार्गे परतलो ते प्लास्टिकच्या कॅनमध्ये गंगा घेऊन, आणि गुरुजींना घेऊन. दुसरं जास्त जड होतं.

आता हसण्याचा भाग संपला, दोन मिनिटं कामाचं. आपल्या बावीस घरांपैकी नऊ घरांत आज फक्त म्हातारी माणसं आहेत. पोरं येतात, पण पोचायला त्यांना एक रात्र लागते. काशीत गुरुजींना जे झालं ते इथं, बिरसीत, दुपारी दोन वाजता झालं तर? भिंतीपलीकडून ओरडणारी वहिनी प्रत्येक घरात नाही. म्हणून माझा ठराव आहे. सोसायटीच्या कार्यालयात एक वही ठेवावी, त्या पंड्याच्या वहीसारखी, जाड. प्रत्येक घराचं एक पान. चालू औषधं, रक्तगट, डॉक्टर, बाहेरगावच्या मुलांचे नंबर, आणि घराची दुसरी किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे आहे ते. दर सहा महिन्यांनी पडताळणी. ती मी करीन, सवयच आहे. वहीचा खर्च त्या एक हजार सहाशे साठमधून भागेल.

सूचक मी. अनुमोदक म्हणून चौदा आणि पंधरा नंबर, दोघांनीही सही केलेली आहे. नालीचा विषय मात्र अजून पुढील सभेत आहे, पण आता ते दोघं त्यावर थेट भांडतात. सेक्रेटरीसाहेबांची तेवढी टपालाची कामं कमी झाली.

हा ठराव पुढील सभेत ढकलू नये एवढीच विनंती करतो आणि मसालेभाताला वाट मोकळी करून देतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.