चिकावर पहिला हक्क वासराचा

पेडणे तालुक्यात गाय व्याली की घरात खरवसाची भाषा सुरू होते. ‘वार पडेपर्यंत वासराला पाजू नये’ हा समजही खेड्यापाड्यांतून आढळतो. वासराच्या दृष्टीने मात्र हेच तास मोलाचे असतात. रोगप्रतिकारक द्रव्ये त्याला गर्भात मिळत नाहीत; ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्यांची शक्ती सुमारे २४ तासांत संपते. म्हणून पहिल्या दोन तासांतच चीक पाजण्यास आरंभ करावा. २० किलो वजनाच्या वासराला दिवसभरात दोन लिटर चीक मिळावा. उरेल त्याचा खरवस खुशाल करावा.

मृगापासून गोठ्याची जमीन ओल धरते. तेव्हा नाळेला टिंक्चर आयोडीन लावून वासरू कोरड्या पेंढ्यावर ठेवावे. दहाव्या दिवसाच्या सुमारास पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतांचे औषध द्यावे.

कालवड माजावर येते ती वयापेक्षा अंगाच्या वाढीवर. लहानपणी खंगलेली कालवड उशिरा गाभण राहते. तितके महिने मालकाला वैरणीचा खर्च सोसावा लागतो, दूध मात्र मिळत नाही. गोव्याच्या शुभ्र ‘श्वेत कपिला’ गाईला देशी जातींच्या राष्ट्रीय नोंदीत स्थान लाभले आहे. तो वंश टिकावयाचा तर प्रत्येक गोठ्यात पहिला चीक वासराच्या मुखी गेला पाहिजे.